धाकट्याची रस्ता-चाचणी

डॉक्टरांनी तिला डावा अंगठा मुठीत दाबून धरायला सांगितला आणि मूठ करंगळीच्या बाजूला जराशी वाकवली. ती खुर्चीतून अर्धी उठली.

"बाळ कोण उचलतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"दिवसभर?"

"झोपलं की नाही. पण खाली ठेवलं की ते झोपत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. अंगठ्याची शीर मनगटापाशी सुजली होती. तीन आठवडे हात वापरायचा नाही, बाळ पुढे छातीशी बांधायचं कॅरिअर मिळतं ते घ्यायचं, आणि हे सगळं घरच्यांना सांगायचं, असं ते म्हणाले. पहिले दोन सल्ले चांगले होते. तिसऱ्यात काय दारूगोळा भरलाय याची त्या सज्जन माणसाला कल्पना नसावी. परतीच्या वाटेवर दुकानात शिरून समोर दिसेल ते कॅरिअर तिनं उचललं असतं, तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण तिनं घरच्यांना सांगितलं.

तिचा डावा अंगठा ही ऐऱ्यागैऱ्या कामाची वस्तू नव्हती. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे ब्युरेट नावाची लांब काचेची नळी उभी असते. तिची तोटी डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं यांत धरून केसभर फिरवायची, उजव्या हातानं खालचा चंबू हलवत राहायचं, आणि पाण्याचा रंग बदलला रे बदलला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिचा थेंब जास्त पडत नसे. आयुष्यात तिला गर्व म्हणावा असा या एकाच गोष्टीचा होता, आणि तो ती कुणाला दिसू देत नसे.

विभागप्रमुख बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "रजा संपली की ये. हात दाखव. ठीक असेल तर तुझी जागा तुझी. नसेल तर तोवर अहवालांच्या टेबलावर बस. त्यात काय एवढं."

त्यात बरंच होतं. अहवालांच्या टेबलावर पूर्वी एक बाई अशाच तात्पुरत्या बसायला गेल्या होत्या. त्या तिथूनच निवृत्त झाल्या.

तर घरी तिनं कॅरिअर घ्यायचं असल्याचं सांगितलं, आणि सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. सासरे मोटार तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. आपल्या सहीशिवाय एकही वाहन रस्त्यावर येत नसे असं ते सांगत. रस्त्यावरची वाहनं पाहिली की त्या खात्यात सही करणारे आणखीही कुणी असावेत असं वाटे, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

"चाचणी करावी लागेल," ते म्हणाले.

"बाबा, ते कापड आहे."

"ज्यात जीव बसवून नेतात ते वाहन. चाकं असोत वा नसोत. आणि जीव बसवून चाचणी घ्यायची नसते. आम्ही बसची चाचणी घ्यायचो ती सीटवर वाळूची पोती ठेवून."

पंचाईत अशी की त्यात चूक काढायला जागा नव्हती. विज्ञान शिकलेल्या माणसाला चुकीच्या गोष्टीवर संताप काढता येतो, बरोबर गोष्टीपुढे मात्र तो हतबल होतो. ती "ठीक आहे" म्हणाली आणि तिनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

नवरा वजनकाट्यावर आधी बाळासकट उभा राहिला, मग बाळाशिवाय, आणि वजाबाकी केली. आवारात बांधकाम चालू होतं, तिथून वाळू आणली. सासूबाईंनी उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी शिवली. बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर असायला हवेत असं नवऱ्यानं कुठंतरी वाचलं. पिशवीला गुडघे नव्हते. म्हणून सासऱ्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी मोजे वाळूनं भरून पायांच्या जागी टाचले. मग डोकं हवं. चिंध्यांचा गोळा करून सासूबाईंनी तेही केलं आणि त्यावर बाळाचं जुनं टोपडं चढवलं. अंगात झबलं आलं. उघडं कसं ठेवायचं, लोक काय म्हणतील, हा त्यामागचा विचार.

तळमजल्यावरच्या काकू विरजणाला दही मागायला आल्या, सोफ्यावर पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, धाकटा कधी झाला?"

तेव्हापासून तो धाकटा.

धाकट्याची मान धरायला हवी, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, कारण बाळ अजून मान धरत नव्हतं आणि चाचणी खरी व्हायची तर सगळं खऱ्यासारखं हवं. त्यामुळे धाकट्याला उचलताना नवरा एक हात त्याच्या मानेखाली घालायचा. सासरे धाकट्याला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचायचे. आणि थोरलं, म्हणजे ज्याला खरीखुरी मान होती ते, सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिच्या डाव्या हातावर असायचं.

पहिलं कॅरिअर काकूंनी दिलं. ते कॅरिअर नव्हतंच, लांबच लांब कापड होतं. "आमच्या सुनेनं वापरलं," काकू म्हणाल्या, "बाळाला वाटतं आपण अजून पोटातच आहोत." व्हिडिओतल्या बाईनं हसतहसत अंगाभोवती तीन वळसे घेतले आणि बाळ आत सोडलं. नवऱ्यानंही तीन वळसे घेतले. त्यातला एक खुर्चीच्या पाठीवरून गेला हे तो स्वयंपाकघराकडे निघाला आणि खुर्ची मागोमाग निघाली तेव्हा कळलं.

"सीटबेल्ट नाही," सासरे म्हणाले. "नापास."

दुसरं पाहायला सगळे दुकानात गेले. एवढी माणसं लग्नाच्या खरेदीलाही जात नाहीत. तिनं विक्रेतीला साधा प्रश्न विचारला, "यात वजन कुठे येतं, खांद्यावर की कमरेवर?"

"मॅडम, हा पिस्ता कलरमध्येही आहे."

"बाळाच्या मांड्यांना आधार आहे का? की नुसतं लोंबकळतं?"

"खूप चालतो मॅडम हा. सगळे हाच नेतात."

कुणी नेमका प्रश्न विचारावा आणि त्याला रंगाचं उत्तर मिळावं, याचा तिला इतका राग यायचा की कान गरम व्हायचे. ती तिसऱ्यांदा विचारणार तोच सासऱ्यांनी पिशवीतून धाकट्याला काढलं आणि पिस्ता रंगात बसवलं. धाकटा पायाच्या भोकातून सरळ खाली गेला आणि फरशीवर दाणकन आपटला. शेजारच्या रांगेतल्या एक आजी भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं.

"बघा," सासरे दुकानभर नजर फिरवत म्हणाले, "म्हणून वाळू."

दुकानाचा पहारेकरी त्यांना दारापर्यंत सोडायला आला. आदरानं नव्हे.

तिसरं तिनं घरबसल्या मागवलं. कुणाला न विचारता. त्याला कमरेचा रुंद पट्टा होता, मांड्यांना आधार होता, वजन कमरेवर येत होतं. तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या कापडात शिवलेली होती. तिनं ते उघडलं, कमरेला लावलं, आणि मग कळलं की त्याचं मुख्य बकल उघडायला अंगठ्यानं जोर लावून दाबावं लागतं. डाव्याच. अंगठ्याला आराम मिळावा म्हणून आणलेली वस्तू उघडायला धडधाकट अंगठा लागत होता. हे ज्यानं बनवलं त्याला समोर बसवून दोन शब्द सुनवावेत असं तिला फार वाटलं. तो सापडणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं कंपनीला फोन लावला.

"बदलून मिळेल मॅडम. टॅग शाबूत आहे ना?"

तिनं मागे पाहिलं. सासरे खिडकीत उजेडाला धरून टॅग वाचत होते. टॅग त्यांच्या एका हातात होता आणि कॅरिअर दुसऱ्या.

"कापला आहे," ती म्हणाली.

"कशासाठी मॅडम?"

"तपासणीसाठी."

"तपासणी कुणी केली?"

"अधिकाऱ्यांनी."

"कुठल्या खात्याचे?"

"निवृत्त आहेत."

मग पलीकडचा आवाज म्हणाला, "आमच्याकडून बाळाला शुभेच्छा मॅडम," आणि फोन बंद झाला.

अशा रीतीनं कॅरिअर घरात राहिलं. ते तिला लावता येत नव्हतं, म्हणून नवऱ्यानं लावायचं ठरलं. याचा तिला आनंद झाला. तो दोनच मिनिटं टिकला, कारण सासऱ्यांनी रस्ता-चाचणीचा कार्यक्रम जाहीर केला.

रोज सकाळी नवरा छातीशी धाकट्याला बांधून जिना उतरायचा, फाटकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. मागून सासरे. "खांदा पाड. वळताना वेग कमी. आता वाकून चप्पल उचल. एक हात धाकट्याच्या डोक्याला." ऊन वाढलं तसं सासूबाईंनी धाकट्याच्या तोंडावरून पातळ फडकं सोडायला सुरुवात केली. वाळूला ऊन लागू नये म्हणून. काकू सांगायच्या, पट्टा जरा वर घे. दुसऱ्या मजल्यावरचे व्यायामवाले सांगायचे, खाली घ्या, मणक्याचं वाटोळं होईल. पट्टा दिवसभर वर-खाली व्हायचा. अखेर एकदाचा नवऱ्याच्या अंगाला बरोबर बसला, तेव्हा सासऱ्यांनी फर्मान काढलं की धाकट्याला यापुढे कॅरिअरमधून काढायचं नाही, सेटिंग बिघडेल. म्हणून धाकटा आपल्या वाहनासकट दाराजवळच्या खुंटीला लटकलेला असायचा. टोपडं, झबलं, फडकं, सगळं जागच्या जागी. येताजाता नवरा त्याच्या पाठीवर थोपटायचा. तिनं स्वतः पाहिलं होतं.

"आता बाळाला बसवा ना," ती म्हणाली.

"उताराची चाचणी राहिलीय," सासरे म्हणाले.

उतार झाला. मग गर्दी राहिली होती. मग पाऊस पडलाच तर ओली फरशी. तिच्या रजेचा जेमतेम महिना उरला होता आणि मनगट पुरीसारखं फुगलं होतं. रात्री कूस बदलतानाही ते ठणकायचं. एक दिवस तिनं नवऱ्याला गाठलं.

"तू रोज वाळू फिरवतोस. मी बाळ फिरवते. यात तुला काही खटकत नाही?"

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

या वाक्याला जगात उत्तर नाही. पुरुष ते कुठून शिकून येतात कोण जाणे. लहानपणी अंगाला टोचून देत असावेत.

मग लसीचा दिवस आला. दवाखान्यात नंबर लावायला लवकर जावं लागतं, म्हणून ती पुढे गेली. नवरा बाळाला कॅरिअरमधून घेऊन येणार होता. सासऱ्यांनी बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर तात्पुरता परवाना दिला होता, आणि तोही ते स्वतः मागून चालणार या अटीवर.

दवाखान्यात बाकावर तिला जागा मिळाली. हात रिकामे होते. ते कुठे ठेवायचे हे तिला कळेना, म्हणून तिनं ते मांडीवर ठेवले. भोवती सगळी बाळं एकमेकांचं ऐकून रडत होती. आणि दारातून नवरा आत आला. ताठ, पट्टा कमरेला नीट, एक हात बाळाच्या डोक्याला, तोंडावरून फडकं. मागून सासरे, वरात घेऊन आल्यासारखे. आणि बाळाचा हूं की चूं नाही.

"किती शांत आहे हो," शेजारची बाई म्हणाली. "आणि वडिलांकडे राहतं? आमच्याकडे तर बापानं नुसतं पाहिलं तरी भोकाड."

इतक्या दिवसांचा राग एका जागी जरा सैल झाला. उगाच बोललो आपण, असं तिला वाटलं. चाचण्यांचा उपयोग झाला म्हणायचा. नवरा तिच्याकडे पाहून हसला, तीही हसली, आणि मग तिची नजर खाली गेली. फडक्याखालून एक पाय लोंबत होता. पट्ट्यापट्ट्यांचा. लोकरी. टाचेच्या उसवलेल्या शिवणीतून बारीक धार गळत होती आणि दारापासून तिच्या चपलेपर्यंत फरशीवर वाळूची सरळ रेघ आली होती.

तिनं फोन लावला.

"अगं, मी केव्हाची बाळाला नटवून आतल्या खोलीत बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "याचा पत्ता नाही. मघाशी ऑफिसच्या फोनवर बोलत बोलत दारातून विचारलं, तयार आहे का. मी आतून म्हटलं, तयार आहे. मग दार वाजलं. मला वाटलं, आधी धाकट्याला फिरवून आणतोय. हे काय, मजेत खेळतंय इथे."

तिनं फोन ठेवला. बाळ सुखरूप होतं. आता नवऱ्याला सांगणं एवढंच राहिलं होतं, आणि ते एका वाक्याचं काम होतं. ती गप्प बसली. हे तिनं रागानं केलं आणि समजून उमजून केलं.

नंबर पुकारला.

"तूच जा," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

नवरा आत गेला. मागून सासरे. दार अर्धवट उघडं राहिलं. आतून नर्सबाईंचा आवाज आला, "मांडी मोकळी करा." मग त्याच आवाजात, तेवढ्याच शांतपणे, "याला नेमकी कुठली लस द्यायची आहे?"

बाहेर आला तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "बाळ कुठाय?" त्यानं विचारलं.

"घरी. आईंकडे. खेळतंय."

तो मटकन बाकावर बसला. धाकटा अजून छातीशीच होता. सासरे मात्र उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"एक मुद्दा सिद्ध झाला," ते म्हणाले. "एवढं अंतर, एवढी रहदारी, आणि वाहून नेणाऱ्याला फरक कळला नाही. म्हणजे नमुना अगदी अचूक होता."

तिचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही, पण रांगेतली बाळंसुद्धा रडायची थांबली.

"नमुना अचूक होता, बाबा. बाप नव्हता. वाळूला ऊन लागू नये म्हणून फडकं. वाळूची मान सांभाळा. वाळू मांडीवर घेऊन पेपर वाचा. आणि इतके दिवस तुमची वाळू सोडून जे उरलं होतं ते या हातावर होतं. हा हात मला कामाला लागतो. या एका अंगठ्यावर माझी जागा आहे तिथे, आणि ती जाणार आहे, आणि तुमच्या उताराच्या चाचण्या संपत नाहीयेत." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "रजा संपेपर्यंत मी बाळाला उचलणार नाही. पाजायच्या वेळी कुणीतरी आणून मांडीवर द्यायचं आणि नंतर घेऊन जायचं. बाकी वेळ तुम्ही दोघं. आळीपाळीनं. आता घरी जा, याला काढा, त्याला घाला आणि परत या. मी नवा नंबर लावून बसते."

"पण अगं, कमरेचा पट्टा बाबांना..."

"पुरेल. सैल करा."

"सेटिंग..." सासरे म्हणाले, आणि थांबले.

नर्सबाई दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. "वाळू कोण भरणार?" त्यांनी विचारलं. दोघांनी मिळून भरली.

त्यानंतर घरात जे झालं त्याला चाचणी म्हणत नाहीत. बाळ पाय झाडायचं. चष्मा ओढायचं. शर्टाच्या खिशात दूध ओकायचं. वाहून नेणारा खुर्चीत टेकला की त्याला लगेच कळायचं आणि ते उठेपर्यंत ओरडायचं. पहिल्या संध्याकाळी सासरे गॅलरीत घामाघूम उभे होते.

"याचं वजन हलतं गं," ते म्हणाले.

"हो, बाबा. जिवंत आहे."

ती हे बोलली आणि तिनं पुस्तकाचं पान उलटलं. त्यांची कीव येत होती का? थोडी. राग गेला होता का? मुळीच नाही. काही राग घराच्या भिंतीसारखे असतात, त्यांच्या आधारानं बाकीचं उभं राहतं.

रजा संपली. प्रयोगशाळेत अहवालांच्या टेबलावरची धूळ कुणीतरी आधीच पुसून ठेवली होती, शेजारी नवी खुर्चीही मांडली होती. विभागप्रमुख बाई हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. तिनं तोटी धरली. केसभर फिरवली. थेंब पडत राहिले, चंबू फिरत राहिला, आणि पाण्यात गुलाबी झाक आली, गेली, पुन्हा आली. तिनं अंगठ्यानं तोटी बंद केली. झाक टिकली. पुढचा थेंब नळीच्या टोकाला लोंबकळत राहिला, पडला नाही.

"ती खुर्ची उचला तिथली," बाई कुणाला तरी म्हणाल्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा दिवाणावर पालथा पडला होता. कंबर धरली होती. सासूबाई मलम चोळत होत्या. काकू दुसरं मलम घेऊन आल्या होत्या. व्यायामवाले उशी कुठे ठेवायची ते सांगत होते. सासरे बाळाला बांधून येरझाऱ्या घालत होते आणि मलमांच्या दोन्ही नळ्या तशाच, टॅग न वाचता, उघड्या पडल्या होत्या.

"ऑफिसला उद्या रजा टाक," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "दुखणं अंगावर काढू नये."

ती दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. मग तिनं पर्स ठेवली, खुंटीवरून धाकट्याला काढलं, कात्रीनं त्याचा डावा पाय कापला आणि आत जाऊन त्यातली वाळू तव्यावर तापवायला ठेवली.

तापलेली वाळू मोज्यात परत भरून, गाठ मारून ती बाहेर आली. सासऱ्यांनी वाट अडवली.

"थांब. आधी तुझ्या हातावर लावून बघ. फार गरम असेल तर?"

"तेवढीच चाचणी राहिलीय, बाबा," ती म्हणाली आणि मोजा नवऱ्याच्या कमरेवर ठेवून डाव्या अंगठ्यानं दाबून धरला.

नवरा ओरडला. अंगठा अजिबात दुखला नाही.